दुर्मीळ काडतुसाची सॅव्हेज ९९ : शोध, पारख आणि जपणूक

आपण पेनसिल्व्हेनियात एच-१बी व्हिसावर राहता, गेल्या हंगामात शेजाऱ्याबरोबर हरणांच्या शिकारीला गेला होता, त्याच्या हातातली जुनी लिव्हरची (खालची तरफ ओढून काडतूस नळीत चढवायची) सॅव्हेज ९९ रायफल आपल्या मनात भरली आणि आता तशीच एक, पण .२२ हाय-पॉवर किंवा .२८४ विंचेस्टर अशा क्वचित दिसणाऱ्या काडतुसाची, आपल्याला घ्यायची आहे. ती कुठे शोधावी, अस्सल कशी ओळखावी आणि घेतल्यावर कशी सांभाळावी, असा आपला प्रश्न आहे. मी याच राज्याच्या पश्चिम भागात एकोणतीस वर्षे राहतो. त्यातली बावीस वर्षे मी ९९ वापरत आलो आहे, आणि इतरांसाठीही पारखून देतो. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी कायद्याविषयी, कारण आपल्यासारख्या अनेक मराठी मंडळींना हा भाग उशिरा कळतो. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार, तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे विकत घेणे आणि जवळ बाळगणे सर्वसाधारणपणे निषिद्ध आहे. मात्र तिच्याकडे अमेरिकेतील एखाद्या राज्याचा चालू शिकार-परवाना असेल, तर तिला यातून सूट मिळते. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अट लागू नाही. पेनसिल्व्हेनियाचा शिकार-परवाना १ जुलै ते ३० जून असा चालतो. याचा अर्थ असा की ३० जूनला परवाना संपला आणि नवा काढायचा राहिला, तर कपाटात कुलूपबंद असलेली रायफल आणि तिच्याबरोबरची काडतुसेही आपण बेकायदा बाळगत आहात असे ठरू शकते. आपण उन्हाळ्यात भारतात जात असाल तर हे विशेष लक्षात ठेवा, कारण नेमक्या त्याच दिवसांत परवान्याचे वर्ष बदलते. खरेदी करण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोलून घ्या. त्याच्या शुल्काचे पैसे मी रायफलीच्या किमतीतच धरतो.

दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्याकडून घेतलेली रायफल थेट आपल्या घरी येत नाही. ती आपल्या राज्यातील परवानाधारक दुकानदाराकडे येते, तिथे ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. त्या वेळी पासपोर्ट, आय-९४ चा (अमेरिकेतील प्रवेशाच्या नोंदीचा) क्रमांक आणि शिकार-परवाना सोबत न्या. लहान गावातील दुकानदाराने असा अर्ज आधी कधी हाताळलेला नसतो, म्हणून आदल्या दिवशी फोन करून त्याला पूर्वकल्पना द्यावी.

आता रायफलीकडे वळतो. आर्थर सॅव्हेज हे १८५७ मध्ये जमैकातील किंग्स्टन येथे जन्मले आणि न्यूयॉर्क राज्यातील युटिका येथे त्यांनी कारखाना काढला. १८९९ च्या या नमुन्यात दोन गोष्टी त्या काळाच्या फार पुढच्या होत्या. एक म्हणजे बाहेर हातोडा नसलेली, पाठीमागून पूर्ण बंद असलेली रचना. दुसरी म्हणजे गोल फिरणारे मॅगझिन, म्हणजे काडतुसे साठवण्याची जागा. त्या वेळच्या बहुतेक लिव्हरच्या रायफलींमध्ये काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसत, त्यामुळे गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला (ठोका बसताच दारू पेटवणाऱ्या भागाला) टेकत असे आणि अणकुचीदार गोळी वापरणे धोक्याचे होते. सॅव्हेज यांच्या रचनेत काडतुसे एका चरकीभोवती बसतात, म्हणून टोकदार आणि वेगवान गोळी लिव्हरच्या रायफलीतून निर्धास्तपणे झाडता येऊ लागली. रिसीव्हरच्या (नळीमागच्या पोलादी सांगाड्याच्या) डाव्या बाजूला एक छोटी खिडकी असते. आपण अंगठ्याने काडतूस आत दाबता तसतसा तिच्यातला पितळी आकडा एक, दोन, तीन असा सरकतो. हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी दुकानात उभ्या उभ्या ते पाच वेळा भरून रिकामे केले होते. पण तो आकडा फक्त मॅगझिनमधली काडतुसे मोजतो. तिथे शून्य दिसत असले तरी नळीत एक काडतूस असू शकते, म्हणून लिव्हर उघडून, आत बोट घालून खात्री केल्याशिवाय ही रायफल रिकामी समजू नये.

ही रायफल विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली आणि दहा लाखावी रायफल १९६० मध्येच तयार झाली होती. म्हणजे सॅव्हेज ९९ मुळीच दुर्मीळ नाही. .३०० सॅव्हेज काडतुसाची ९९ या राज्यात दर दुसऱ्या जुन्या घरात सापडेल. दुर्मीळ असतात ती काही काडतुसे आणि काही घडणी. म्हणून विक्रेता “जुनी सॅव्हेज आहे, हल्ली मिळत नाही” असे म्हणू लागला तर त्यावर किंमत ठरवू नका, नळीवर काय कोरले आहे ते वाचा.

काडतुसांचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण पारखीची निम्मी कामगिरी तारखाच करतात. सुरुवातीच्या काळात .३०३ सॅव्हेज हे या रायफलीचे मुख्य काडतूस होते. इथे आपल्याकडच्या वाचकांची हमखास गफलत होते. महाविद्यालयात एनसीसीमध्ये ज्यांनी ली-एनफिल्ड हाताळली आहे, त्यांच्या डोक्यात थ्री-नॉट-थ्री म्हणजे तेच एक काडतूस असते. .३०३ सॅव्हेज आणि .३०३ ब्रिटिश ही दोन पूर्णपणे वेगळी काडतुसे आहेत आणि एकाच्या जागी दुसरे कधीही चालत नाही. १९१२ मध्ये .२२ हाय-पॉवर आले. चार्ल्स न्यूटन यांनी ते रचले होते आणि त्यात ७० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचे छोटे माप) गोळी सेकंदाला सुमारे २८०० फूट वेगाने जात असे. त्यानंतर १९१५ च्या सुमारास न्यूटन यांचेच .२५०-३००० आले. या नावातला ३००० हा आकडा वेगाचा आहे. न्यूटन यांना त्यात १०० ग्रेनची गोळी हवी होती, पण कंपनीने ८७ ग्रेनची घेतली, कारण तिच्यामुळे जाहिरातीत सेकंदाला ३००० फूट असे छापता येत होते. १९२० मध्ये .३०० सॅव्हेज आले आणि तेच सर्वांत जास्त खपले. दुसऱ्या महायुद्धानंतर .३०८, .२४३ आणि .३५८ विंचेस्टर ही काडतुसे जोडली गेली आणि १९६० च्या दशकात .२८४ विंचेस्टर आले. ही .३५८ आणि .२८४ ची ९९ कमी बनली, कमी विकली गेली आणि म्हणून आज शोधावी लागते.

आपण .२२ हाय-पॉवरकडे ओढले गेला आहात, त्याचे कारण मला समजते. एका अमेरिकन मिशनऱ्याने चीनच्या फुजियान प्रांतात या चिमुकल्या गोळीने वाघ मारले होते आणि ती गोष्ट शंभर वर्षांनंतरही या काडतुसाला चिकटून आहे. मी मात्र हरणासाठी हे काडतूस निवडणार नाही. पाठ फिरवून चाललेल्या किंवा तिरक्या उभ्या असलेल्या हरणावर ७० ग्रेनची गोळी खोलवर पोहोचेल याची खात्री देता येत नाही, आणि जखमी जनावर रात्रभर शोधण्याची वेळ ज्याच्यावर आली आहे तो हे मान्य करील. हे काडतूस घ्यावे ते लक्ष्यभेदासाठी किंवा कोल्ह्यासारख्या लहान जनावरासाठी. हरणासाठी आणि संग्रहासाठी एकच रायफल घ्यायची असेल तर .२५०-३००० किंवा .३५८ विंचेस्टर घ्या, असे माझे स्पष्ट मत आहे. .२५०-३००० च्या जुन्या नळ्यांतला पीळ (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या चरांचा वळसा) मंद असतो, १४ इंचांत एक फेरा. त्यामुळे ८७ ग्रेनची गोळी त्यातून सुरेख जाते, १०० ग्रेनची रायफलीगणिक चालते किंवा चालत नाही, आणि १२० ग्रेनची स्थिर होत नाही. हे आधी माहीत असले की मागाहून रायफलीला दोष देण्याची पाळी येत नाही.

माझी पहिली .२२ हाय-पॉवर मी फोटो पाहून, एका दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्याकडून घेतली. वर्णनात “नळी उत्तम, काडतुसे सोबत” असे होते. दुकानात ती हातात आली तेव्हा लाकूड आणि पोलादावरचे निळसर पाणी खरोखरच सुंदर होते. चाळीस यार्डांवर कागद लावून पहिली पाच काडतुसे झाडली, आणि कागदावर गोल भोकांऐवजी आडवी, लांबट, किल्लीच्या भोकासारखी छिद्रे पडलेली दिसली. गोळ्या हवेत कोलांट्या खात कागदावर पोहोचत होत्या. कारण शोधायला मला एक संध्याकाळ लागली. .२२ हाय-पॉवरच्या गोळीचा व्यास सुमारे .२२७ ते .२२८ इंच असतो, तर इतर जवळजवळ सगळ्या .२२ रायफलींच्या गोळीचा .२२४ इंच. सोबत दिलेली काडतुसे कोणीतरी घरी भरलेली होती आणि त्यांत .२२४ च्या गोळ्या घातल्या होत्या. त्या नळीतले चर गोळीला पकडतच नव्हते. योग्य गोळ्या आणल्यावर नेम सुधारला, पण पूर्ण नाही. नळीत दिवा टाकून पाहिले तर चेंबरपासून, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या जागेपासून, एक वीतभर अंतरावर गंजाचे खड्डे होते. १९३० च्या आधीच्या अमेरिकन काडतुसांच्या टोप्यांतून क्षारयुक्त अवशेष नळीत राहत आणि त्याच रात्री नळी पाण्याने धुतली नाही तर गंज धरे. .२२ हाय-पॉवरच्या बहुतेक रायफली त्याच काळातल्या असल्यामुळे निर्मळ नळीची रायफल मिळणे हीच तिच्यातली खरी दुर्मिळता आहे.

म्हणून आधी काडतूस आणि मग रायफल, हा क्रम मी सर्वांना सांगतो. .३०० सॅव्हेजची तयार काडतुसे अजून मोठ्या कंपन्या बनवतात, .२५०-३००० ची हंगामात शोधली तर मिळतात. .२२ हाय-पॉवर युरोपात ५.६x५२आर या नावाने ओळखले जाते आणि तिकडची काडतुसे इथे अधूनमधून येतात. नावातला हा फरक माहीत नसल्यामुळे अनेकांना दुकानात समोर असलेली पेटी दिसत नाही. घरी काडतुसे भरणाऱ्याला या सगळ्यातून वाट निघते, पण ९९ चा बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा तुकडा) मागच्या टोकाला अडकतो, त्यामुळे दाबाखाली थोडी लवचीकता राहते आणि पितळी कवच इतर रायफलींपेक्षा लवकर ताणले जाते. कवचाच्या बुडाजवळ आतून चकचकीत वळे दिसू लागले की ते फेकून द्यावे आणि दारू नेहमी मध्यम मापानेच भरावी.

आता पारख. विक्रेत्याची परवानगी घेऊन सोबत योग्य मापाचा, कडा समांतर असलेला पेचकस न्या. साध्या पाचरीसारख्या पेचकसाने स्क्रूची खाच फाटते आणि फाटलेली खाच पुढच्या प्रत्येक खरेदीदाराला दिसते. दस्त्यामागची पोलादी पट्टी काढली की लाकडाच्या टोकावर आणि पट्टीच्या आतल्या बाजूला रायफलीचा क्रमांक असतो. तो रिसीव्हरवरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. नळीखालच्या लाकडी भागाच्या आतही क्रमांक असतो. एका शेतघरातल्या लिलावात मी हे दोन स्क्रू काढले तेव्हा पट्टीवरचा क्रमांक जुळत होता, पण लाकडावर क्रमांकच नव्हता. म्हणजे दस्ता बदललेला होता आणि पट्टी जुन्यावरून काढून नव्याला लावलेली होती. काम इतके सफाईदार होते की बाहेरून मला अजिबात शंका आली नव्हती.

त्यानंतर नळीवरचा पत्ता वाचा. कारखाना युद्धानंतर युटिकाहून मॅसॅच्युसेट्समधील चिकोपी फॉल्स येथे आणि १९६० च्या सुमारास वेस्टफिल्ड येथे गेला. .३०८ विंचेस्टर १९५२ मध्ये बाजारात आले. तेव्हा युटिकाच्या पत्त्याच्या नळीवर .३०८ कोरलेले दिसले तर चेंबर कोणीतरी नंतर बदलले आहे, हे तिथल्या तिथे सांगता येते. १९४९ पासूनच्या रायफलींवर लिव्हर जिथे रिसीव्हरला जोडली जाते त्या जागी एका लहान अंडाकृतीत एक अक्षर असते, ए म्हणजे १९४९ आणि तिथून पुढे. त्यावरून वर्ष कळते. शंका उरलीच तर बंदुका दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून कमी तापमानावर वितळणाऱ्या मिश्रधातूचा चेंबरमध्ये साचा घेऊन मापे तपासून घ्यावीत. कोरलेले अक्षर खोटे असू शकते, साच्याची मापे खोटी नसतात.

रिसीव्हरच्या माथ्यावरची भोकेही तपासा. युद्धापूर्वी कारखाना दुर्बिणीसाठी तिथे भोके पाडत नसे, त्यामुळे १९२० किंवा १९३० च्या दशकातल्या रायफलीवर ती दिसली तर ती नंतरची आहेत आणि संग्राहकाच्या दृष्टीने किंमत बरीच उतरते. मागच्या जिभेवरची (रिसीव्हरच्या दस्त्यावर येणाऱ्या पोलादी पट्टीवरची) दोन भोके मात्र बहुधा मूळचीच असतात. ती खास नेम-पट्टीसाठी होती आणि त्यांत बुजवणीचे स्क्रू बसवलेले असत. नवे पाणी चढवलेली रायफल ओळखायची तर कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोटाने चाचपा. पॉलिश करताना त्या गोलावतात आणि स्क्रूभोवतीचा पृष्ठभाग बशीसारखा किंचित खोल होतो. याच जिभेच्या मागे लाकडात केसासारखी चीर आहे का, तेही उजेडात पाहा. ९९ चा दस्ता लांब बोल्टने कसलेला असतो. तो सैल राहिला की प्रत्येक झटक्याला रिसीव्हर लाकडात पाचरीसारखा घुसतो आणि तिथेच लाकूड फाटते.

नळीचे तोंड हा आणखी एक मुद्दा. पाठीमागून बंद असल्यामुळे ही रायफल चेंबरच्या बाजूने गजाने साफ करता येत नाही, त्यामुळे दोन-तीन पिढ्यांनी तोंडातूनच लोखंडी गज घातलेला असतो आणि तिथल्या चरांच्या कडा झिजलेल्या असतात. भिंगातून पाहिल्यास झीज एका बाजूला जास्त दिसते. नळी सुटी होणारी घडणही बनत असे. तिच्यात पुढचे लाकूड काढून, लिव्हर उघडून नळी फिरवली की वेगळी होते आणि नीट साफ करता येते, पण जोड सैल झाला असेल तर ती रायफल गेजने तपासल्याशिवाय झाडू नये. हातात धरून नळी किंचितही हलते असे वाटले, तर मी किंमत विचारत नाही.

शोधायचे ठिकाण कोणते, याचे उत्तर त्या मानाने लहान आहे. मोठ्या बंदूक-प्रदर्शनांत दुर्मीळ काडतुसाच्या ९९ असतात, पण तिथल्या विक्रेत्यांना त्यांची किंमत पक्की ठाऊक असते. इंटरनेटवरच्या लिलावांत निवड भरपूर असते, मात्र क्रमांकाचे, नळीच्या तोंडाचे आणि जिभेमागच्या लाकडाचे वेगळे फोटो मागून घ्या. ते द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नका. माझ्याकडच्या चांगल्या रायफली जवळजवळ सगळ्या गावोगावच्या वारसाहक्काच्या लिलावांतून आणि हंगाम संपल्यानंतर जानेवारी-फेब्रुवारीत लहान दुकानांतून मिळाल्या. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांचा रायफल-हंगाम सुरू होतो, त्याच्या आधीच्या महिन्यात कोणीही स्वस्त देत नाही. आजोबांची रायफल विकायला आलेल्या घरातल्या माणसांना तिची खरी किंमत मोकळेपणाने सांगा. मी असे केल्यामुळे दोनदा रायफल हातची गेली, आणि तिसऱ्या खेपेला त्याच घरातून एक .२५०-३००० माझ्याकडे आपण होऊन आली.

बाळगणे हे अर्धे लाकूड सांभाळणे आहे. तेल कमीत कमी लावा आणि रायफल कपाटात नळीचे तोंड खाली करून ठेवा. तोंड वर करून ठेवली तर रिसीव्हरमधले तेल हळूहळू दस्त्याच्या मानेत उतरते, लाकूड काळे आणि मऊ पडते आणि मग ती चीर येतेच. चामड्याच्या म्यानात रायफल महिनोन्महिने ठेवू नका, कारण चामडे ओल धरते. इथल्या तळघरांत उन्हाळ्यात किती दमट असते ते आपण अनुभवलेच असेल, म्हणून कपाटात ओल शोषणाऱ्या पिशव्या ठेवून त्या वेळेवर सुकवा. दस्त्याचा बोल्ट वर्षातून एकदा कसून घ्या. मॅगझिनची चरकी मात्र हौसेने उघडू नका. तिची स्प्रिंग ठरावीक ताणावर गुंडाळलेली असते आणि चरकी काडतुसानुसार वेगवेगळी असल्याने एखादा भाग मोडला तर नेमका तसाच मिळायला वर्षे जातात. नळी तोंडातून साफ करताना पितळी मार्गदर्शक टोपण वापरा, किंवा चेंबरमधून ओढून घ्यायची दोरी वापरा. मी दोरीच वापरतो.

ज्या रायफलीला मूळचे पाणी, मूळचे लाकूड आणि भोके न पाडलेला रिसीव्हर आहे, तिच्यात दुर्बिणीसाठी भोक पाडू नका, दस्ता कापून आपल्या मापाचा करू नका आणि तिला रबरी पॅड बसवू नका. दुर्बीण हवीच असेल तर कारखान्यातूनच भोके पाडून आलेली १९५० च्या दशकानंतरची रायफल घ्या. आणि व्हिसा संपून कायमचे परत जाण्याची वेळ आली तर ती सामानात घालून नेण्याचा विचारही करू नका. अमेरिकेतून निर्यातीचा परवाना आणि भारतात शस्त्र कायद्याखालचा परवाना या दोन्हींशिवाय तो गुन्हा ठरेल. परवाना चालू असतानाच ती परवानाधारक दुकानदारामार्फत विकून टाका.

आपल्या शेजाऱ्याची रायफल हातात घ्यायची परवानगी मिळाली तर लिव्हरच्या सांध्यावरचे अक्षर, नळीवरचा पत्ता आणि दस्त्यामागचा क्रमांक या तीन गोष्टी आधी तिच्यावरच पाहून घ्या. जुळणारे क्रमांक आणि न घासलेली अक्षरे कशी दिसतात हे एकदा डोळ्यांनी पाहिले की लिलावाच्या टेबलावर ओळखायला वेळ लागत नाही.